कल्याणचा सुभेदारवाडा



या व्याख्यानमालेत बोलण्याचे निमंत्रण आले तेव्हा विषय निवडण्याची मुभा आयोजकांनी मला दिली होती. पेशवाईतल्या वाड्यांवर बोलायचे म्हटले की माणूस आपोआप शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजाशी जाऊन उभा राहतो. शनिवारवाड्याविषयी बोलणारे पुष्कळ आहेत आणि आजचा श्रोता कल्याणचा आहे. या गावात 'सुभेदारवाडा' म्हटले की रिक्षावाला पुढे काही विचारत नाही. आपली मुले त्या नावाच्या शाळेत शिकली, भाद्रपदात आपण तिथला गणपती पाहायला जातो. पण हा सुभेदार कोण, तो करत काय होता आणि त्याचा वाडा म्हणजे नक्की काय होते, हे विचारायची वेळ सहसा येत नाही. आज तेवढेच विचारू.

सुभेदार म्हणजे रामाजी महादेव बिवलकर. कल्याण प्रांताचे सुभेदार, पेशव्यांच्या कोकणातल्या कारभारातला एक मुख्य माणूस. अठराव्या शतकाच्या मध्यावर मुंबईच्या इंग्रजांशी बोलणी करायची, जंजिऱ्याच्या सिद्दीवर नजर ठेवायची, आंगऱ्यांचे काय करायचे ते ठरवायचे, तर पुण्याहून पत्र सुटायचे ते रामाजीपंतांना. इंग्रजी कागदांतही त्यांचे नाव वारंवार येते.

त्यांच्या आधीचे कल्याण थोडे डोळ्यांसमोर आणू. १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली, खाडीत आरमाराचा पाया घातला, हे शाळेतल्या पोरालाही माहीत आहे. पण ते ठाणे मराठ्यांकडे सलग राहिले नाही. औरंगजेबाच्या काळात मोगलांचा अंमलदार मोतबरखान इथून आसपासच्या किल्ल्यांवर मोहिमा काढत होता. त्याची कबर आपल्या काळ्या तलावाच्या काठी आहे. गावाभोवतीचा दगडी तटही मोगलांच्याच काळात पुरा झाला, १६९४ च्या सुमारास. चार दरवाजे, अकरा बुरूज आणि आत सुमारे सत्तर एकर गाव. म्हणजे त्या वेळचे सगळे कल्याण आजच्या एखाद्या मोठ्या गृहसंकुलात मावले असते. १७१९ च्या सुमारास हे ठाणे पुन्हा मराठ्यांकडे आले, त्यात चासच्या रामचंद्र महादेव जोशी यांचे नाव पुढे येते. मग १७३७ मध्ये ठाणे आणि साष्टी, १७३९ मध्ये चिमाजीआप्पांनी वसई घेतली. उत्तर कोकणातला फिरंगी, म्हणजे पोर्तुगीज, हटला आणि कल्याण हे सरहद्दीचे ठाणे न राहता प्रांताच्या कारभाराचे गाव झाले.

आता एक बारीकशी गोष्ट सांगतो. माझ्या मते रामाजीपंतांच्या वाड्याचा सगळा मामला तिच्यात आहे. १८८२ साली छापलेल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटिअरमध्ये कल्याणच्या तटाची हकिकत आहे. त्यात असे येते की पेशव्यांच्या काळात, १७६० ते १७७२ च्या दरम्यान, तटाला एक नवा दरवाजा पाडण्यात आला, लहान दिंडीचा. त्याला गणेश दरवाजा म्हणत. आणि तो होता कुठे? सुभेदार रामाजी महादेव बिवलकर यांच्या वाड्याजवळ.

तट बांधायचा तो गावात कोणी घुसू नये म्हणून. त्याला आणखी एक भोक पाडायचे तर ते पाडणाऱ्याच्या मनात दोन गोष्टी पक्क्या असाव्या लागतात. एक, आता शत्रू या बाजूने येत नाही. दोन, आपल्या सोयीसाठी गावाच्या तटाला हात लावला तर आपल्याला विचारणारे कोणी नाही. पहिल्या बाबतीत काळाने त्यांना लवकरच खोटे पाडले. दुसऱ्या बाबतीत मात्र ते पूर्णपणे बरोबर होते. हा दरवाजा दुर्गाडीकडे, म्हणजे खाडी आणि किल्ल्याकडे जायला जवळचा. वाड्यावरून किल्ल्यावर, किल्ल्यावरून बंदरावर दिवसातून किती हेलपाटे होत असतील! माणसे, निरोप, पालख्या, मालाच्या याद्या. तेव्हा दरवाजा निव्वळ थाटासाठी पाडला असेल असे मला वाटत नाही.

कारण सुभ्याचा वाडा हे निव्वळ घर नसायचे. त्या काळच्या अशा वाड्याची मांडणी साधारण ठरलेली असे. पुढे मोठा दरवाजा, त्याला दिंडी, आत देवड्यांवर पहारा. पहिला चौक सरकारी: एका सोप्यात फड बसलेला, कारकून मांडी घालून, मांडीवर फळी, समोर बोरू-दौत, मागे खणाखणांत रुमालांत बांधलेले दफ्तर. दुसरीकडे पोते, म्हणजे खजिना, आणि त्याच्या शेजारी नाणी पारखणारा पोतदार. मागचा चौक घरचा: माजघर, देवघर, कोठी, विहीर, बाळंतिणीची खोली. आणि सगळ्यांत मागे पागा. कोकणात याला एक जोड असते, ती देशावरच्या माणसाच्या लक्षात येत नाही. इथे चार महिने पाऊस आडवा झोडतो. पुण्यासारखी धाब्याची सपाट छपरे इथे चालत नाहीत. उतरती कौले आणि खोल पडवी लागते. चौक असतो, पण त्यातले पाणी कुठे वाहून जाणार याचा विचार आधी आणि कारंज्याचा नंतर.

सागवान मात्र इथे हाताशी. कल्याण-भिवंडीच्या मागच्या जंगलातले लाकूड खाडीवाटे उतरत असे. शिवाजी महाराजांच्या गलबतांनाही तेच लागले. शनिवारवाड्यासाठी लाकूड जुन्नरच्या जंगलातून, दगड चिंचवडचा आणि चुना जेजुरीचा आणला असे सांगतात, आणि १७३२ ला तो वाडा उभा राहिला तेव्हा खर्च १६,११० रुपये झाला. कल्याणच्या सुभेदाराला तुळईसाठी एवढे लांब जायची गरज नव्हती.

पुढच्या चौकात काय चालायचे ते आता पाहू, कारण सुभेदार हा राजा नव्हता, हे त्यातूनच कळते. एल्फिन्स्टनने १८१९ मध्ये पेशव्यांकडून घेतलेल्या मुलखाचा जो अहवाल लिहिला, त्यात मामलेदाराच्या, म्हणजे सुभेदारासारख्या अधिकाऱ्याच्या, हाताखालच्या दरकदारांची यादी आहे: दिवाण, मुजुमदार, फडणीस, दफ्तरदार, पोतनीस, पोतदार, सभासद, चिटणीस. हे आठ जण सुभेदाराचे नोकर नव्हते. त्यांच्या नेमणुका हुजुरातून, म्हणजे पुण्याच्या दरबारातून, होत, सुभेदाराला त्यांना काढता येत नसे. हिशोबावर मुजुमदाराची निशाणी नसेल तर कागद खरा धरत नसत. सुभेदाराने काही गडबड केली तर हुजुरात कळवणे हे त्यांचे कामच होते. एका छताखाली आठ पाळतीची माणसे बाळगून राज्य करायचे, हे आजच्या कुठल्याही जिल्हाधिकाऱ्याला नवे वाटणार नाही.

आणि पैसे? वर्षाच्या सुरुवातीलाच वसुलाचा अंदाज बांधायचा, त्याला बेहेडा म्हणत. त्यावर सुभेदाराने सरकारला आगाऊ रक्कम भरायची, ती रसद. ती कुठून आणायची? सावकाराकडून, व्याजाने. मग वर्षभर ती रयतेकडून वसूल करत बसायचे. यात दरबारातल्या मंडळींना गुपचूप काही द्यावे लागे, त्याला अंतस्थ म्हणत. गंमत पुढे आहे. हे अंतस्थ इतके सर्रास झाले की पेशव्यांच्या मंत्र्यांनी ती रक्कमच सरकारच्या हिशोबात जमा धरायला सुरुवात केली! लाच बंद होत नाही ना, मग ती निदान खजिन्यात तरी येऊ दे. असा कारभार ज्याला जमला तो टिकला. रामाजीपंत टिकले. वाडा त्याचाच पुरावा आहे.

मात्र टिकलेल्या माणसाच्या खात्यात सगळेच श्रेयाचे नसते, आणि रामाजी महादेवांच्या खात्यात विजयदुर्ग आहे.

मराठी आरमाराचे सरदार तुळाजी आंगरे पेशव्यांना जुमानेनासे झाले, हे खरेच. नानासाहेब पेशव्यांनी त्यांना वठणीवर आणायचे ठरवले आणि १७५५ च्या मार्चमध्ये मुंबईकर इंग्रजांशी करार झाला. पेशव्यांच्या बाजूने त्यात पुढे होते रामाजीपंत. एप्रिलमध्ये कमोडोर जेम्सने सुवर्णदुर्ग घेतला. पुढच्या वर्षी, १७५६ च्या फेब्रुवारीत, ॲडमिरल वॉटसन आणि रॉबर्ट क्लाइव्ह आरमार घेऊन विजयदुर्गावर आले. जमिनीवरून पेशव्यांची फौज होतीच, खंडोजी माणकरांच्या हाताखाली, आणि बरोबर रामाजी महादेव. किल्ल्याखाली उभे असलेले आंगऱ्यांचे आरमार एका दुपारी जळून गेले. किल्ल्यात इंग्रजांना सुमारे दहा लाखांचा ऐवज मिळाला. तो त्यांनी आपापसांत वाटून घेतला आणि ठरल्याप्रमाणे किल्ला मराठ्यांच्या हाती देण्याऐवजी आठ महिने दाबून ठेवला. शेवटी ऑक्टोबर १७५६ च्या तहाने बाणकोट आणि दहा गावांच्या बदल्यात विजयदुर्ग परत आला. आला तो रिकामा. तुळाजी मरेपर्यंत पेशव्यांच्या कैदेत राहिले.

मराठ्यांनी आपले आरमार परक्याच्या हातून बुडवून घेतले, असा ठपका इतिहासकार पेशव्यांवर ठेवतात. मलाही तो टाळता येत नाही. पण कल्याणमध्ये बोलताना आपण ठपका पुण्यावर ठेवून मोकळे होतो आणि आपल्या गावच्या सुभेदाराला बाजूला काढतो, ते काही बरोबर नाही. करार त्यांच्या हातून झाला. इंग्रज बोट दिले तर हात धरतो, याचा अनुभव खाडीपलीकडे राहणाऱ्या माणसाला पुण्यातल्या कारभाऱ्यापेक्षा जास्त असायला हवा होता. तरीही एक लक्षात ठेवा. त्यांच्या समोर रोजचा त्रास होता तो आंगऱ्यांचा. कल्याणच्या व्यापाऱ्याचे गलबत पकडणारा माणूस इंग्रज नव्हता. सुभेदार नजीकचा शत्रू पाहतो. त्याच्या कामाचे मोजमापच वर्षाच्या ताळेबंदावर होते.

त्याचे फळ कल्याणच्याच पदरी पडले. १७७४ च्या डिसेंबरात इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेतला. १७८० मध्ये त्यांनी कल्याणही घेतले. नाना फडणीसांना हे गाव फार मोलाचे वाटत होते. घाटाखालची ही उतारपेठ गेली की पुण्याच्या वाटा उघड्या पडतात. मे महिन्यात मोठी फौज गावावर आली. एका पकडलेल्या इंग्रज अधिकाऱ्याला आत पाठवून गाव सोडा असा निरोप दिला. आतल्या कॅप्टन कॅम्पबेलने कळवले की नानांना गाव घेता येत असेल तर त्यांनी खुशाल घ्यावे. हल्ला होणार तोच कर्नल हार्टले मदतीला पोहोचला आणि फौज उठली. मोगलांनी बांधलेला, रामाजीपंतांनी दिंडी पाडलेला तट इंग्रजांनी मराठ्यांविरुद्ध लढवला! सालबाईच्या तहाने, १७८२ ला, कल्याण परत आले. साष्टी मात्र गेली ती गेलीच.

१८१८ ची गोष्ट लांबवत नाही. पेशवाईबरोबर सुभेदारी संपली, सुभेदार हे नुसते नाव राहिले. तटाचे दगड सुटे झाले आणि कल्याणच्या, ठाण्याच्या धक्क्यांच्या बांधकामाला गेले. १८५४ ला रेल्वे कल्याणला आली, पुढच्या दहा-अकरा वर्षांत बोर घाट आणि थळ घाट दोन्ही खुले झाले आणि गावाचे तोंड खाडीकडून स्टेशनाकडे वळले. बंदरापाशी वसलेल्या वाडेवाल्यांची जागा एकाएकी गावाच्या कडेला पडली. इनाम कमिशनने १८५२ नंतर सनदा दाखवा म्हणून तगादा लावला, तो वेगळाच. मोठी घराणी अशी कणाकणाने खचली. कल्याणच्याच जोशी घराण्याचे उदाहरण घ्या, डॉ. आनंदीबाई जोशींच्या माहेरचे. जमीनजुमला असलेले, एके काळी मोठा बाज असलेले घर, उतरणीला लागलेले. नऊ वर्षांची मुलगी पोस्टातल्या कारकुनाला दिली जाते आणि तीच मुलगी १८८६ च्या मार्चमध्ये पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून एम.डी. होते. सधन वाड्यात हे घडले असते का, मला शंका आहे.

इथून पुढे मात्र वाड्यांचा एक दुसरा इतिहास सुरू होतो आणि तो मला पहिल्यापेक्षा जास्त आवडतो. मालक खचले, पण इमारती रिकाम्या राहिल्या नाहीत. महाराष्ट्रात शाळा सुरू झाल्या त्या वाड्यांतच. फुले दांपत्याची मुलींची शाळा १८४८ ला भिड्यांच्या वाड्यात. दुसऱ्या बाजीरावाच्या विश्रामबागवाड्यात १८२१ पासून संस्कृत पाठशाळा. चिपळूणकर-टिळकांचे न्यू इंग्लिश स्कूल १८८० ला मोरोबादादांच्या वाड्यात. फर्ग्युसन कॉलेज पाच वर्षांनी गद्र्यांच्या वाड्यात. मुलींचे हुजूरपागा हायस्कूल तर पेशव्यांच्या घोड्यांच्या जागेवर. आणि १८९४ चा टिळकांचा सार्वजनिक गणपती विंचूरकरांच्या वाड्यात बसला, पुढे केसरी ज्या वाड्यात गेला तो बडोद्याच्या गायकवाडांचा.

कल्याणच्या सुभेदारवाड्यातला सार्वजनिक गणेशोत्सव १८९५ चा. म्हणजे पुण्यात पाऊल पडले आणि वर्षभरात इथे पडसाद उमटला. याला कारण टिळकांची प्रेरणा हे आहेच. पण मी आणखी एक कारण पुढे ठेवतो. सार्वजनिक कार्यक्रमाला सार्वजनिक जागा लागते आणि १८९५ च्या कल्याणात शंभर-दोनशे माणसे कोणाच्या परवानगीवाचून बसू शकतील अशा जागा किती होत्या? देऊळ होते, तिथे सगळ्यांना शिरकाव नव्हता. सरकारी चावडीत पोलीस. घरगुती दिवाणखान्यात जातगोताची माणसे. वाड्याच्या पुढल्या चौकात मात्र गावकरी, कोळी, आगरी, बोहरी, मारवाडी पेशवाईत वर्षानुवर्षे येत होते, कोणी सारा भरायला, कोणी फिर्याद घेऊन, कोणी जकातीची तक्रार करायला. त्या दारातून आत जायची गावाला सवय होती. चौक तोच राहिला, फडाच्या जागी मेळे आले, व्याख्याने आली.

म्हणूनच 'एका सरदाराचा राजवाडा होता, आता तिथे शाळा आहे, काय हे दिवस' असा सूर कोणी लावला की मला तो अर्धाच पटतो. मागचा चौक बिवलकरांचा होता. तो गेला याचे दुःख त्या घराण्याने करावे, तो त्यांचा हक्क आहे. पुढचा चौक प्रांताचा होता आणि तो प्रांताकडेच राहिला. युरोपातल्या उमरावांचे महाल पाहून आलेले लोक आपल्याकडच्या वाड्यांशी त्यांची तुलना करतात. तिथे जमीन, पदवी आणि घर एकाच धन्याचे, थोरल्या मुलाकडे जाणारे. इथे पद हुजुराचे, वसूल सरकारचा, दफ्तर दरकदारांचे आणि घर भाऊबंदकीत वाटले जाणारे.

भाऊबंदकीवरून आठवले. कल्याणातले बाकीचे वाडे का गेले, यावर बिल्डरला शिव्या घालून आपण मोकळे होतो. बिल्डर शेवटी येतो. आधी वाटणी होते; एका चौकात चार चुली, मग प्रत्येक चुलीने आपल्या खणाला पार्टिशन घालून भाडेकरू ठेवले. मुंबईचा भाडेनियंत्रण कायदा १९४७ चा. भाडे गोठले, कौले फुटली. महिन्याला काही रुपये भाडे येणाऱ्या घराचा वासा बदलायला मालक कशाला पैसे घालील? आणि हक्क नसलेला भाडेकरू तरी का घालील? दहा वारस, पंधरा भाडेकरू, कोर्टातला एक दावा आणि एक पावसाळा, एवढे पुरते. महापालिका १९८३ ला आली. तिने धोकादायक इमारतीची नोटीस चिकटवली तेव्हा खरे म्हणजे वाडा पडून वीस वर्षे झालेली असतात. जे वाडे टिकले ते बहुधा कुठल्या तरी संस्थेच्या ताब्यात गेलेले. संस्थेला वारस नसतात, म्हणून वाटणी नसते.

आता शेवटी कामाचे. पेशवाईतला वाडा त्याच्या मूळ रूपात पाहता येत नसला तरी त्यातले दफ्तर वाचता येते. पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडी कागद कोट्यवधींनी आहेत. गो. स. सरदेसाईंनी १९३० च्या आसपास त्यांतून निवड करून ४५ भाग छापले, ते हाताशी आहेत. कल्याण प्रांताचे हिशोब, झाडे, ताळेबंद त्या राशीत आहेत आणि ते वाचायला माणसे हवीत. मोडी शिकायला दोन-तीन महिने पुरतात. संध्याकाळच्या वर्गाला जाऊन शाळेतली मुलेही शिकतात.

आणि तुमच्यापैकी ज्यांची घरे जुन्या कल्याणातली आहेत, त्यांच्या माळ्यावर, ट्रंकेत, देवघराच्या कपाटात अजून कागद आहेत. इमारत पुनर्विकासाला द्यायच्या आधी ते बाहेर काढा. झटकू नका, उन्हात पसरू नका. चिरफळ्या झालेल्या कागदाला सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच करू नका. त्याने कागद आतून खराब होतो आणि पुन्हा सोडवता येत नाही. रुमालात कागद ज्या क्रमाने बांधले असतील तो क्रम मोडू नका, कारण कारकुनाने ते एका विषयाचे म्हणून एकत्र ठेवलेले असतात. खिडकीजवळच्या सावलीतल्या उजेडात मोबाइलने पुढचा-मागचा फोटो घ्या आणि मोडी वाचणाऱ्या माणसाला दाखवा. त्यात सावकारी खते निघतील, जमिनीचे वाद निघतील, लग्नाच्या खर्चाच्या याद्या निघतील. रामाजीपंतांना रसदेसाठी ज्याने पैसे दिले, त्या सावकाराचे वंशज या सभागृहात बसलेले असणे काही अशक्य नाही.